पत्ता बदललेली घरं

इंग्लंडमधल्या कव्हेंट्री शहरात स्पॉन स्ट्रीट नावाचा एक जुना रस्ता आहे. त्यावरचं 169 नंबरचं घर मध्ययुगात बांधलेलं आहे, आणि ते त्या रस्त्यावर आलं 1970 च्या आसपास. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हे घर मूळचं मच पार्क स्ट्रीटवरचं, नंबर 142-143. शहराच्या मध्यभागाच्या दुसऱ्या बाजूला, चालत साधारण पंधरा मिनिटांवर. ते तिथून सुटं करून उतरवलं गेलं आणि इथं पुन्हा उभं केलं गेलं. मच पार्क स्ट्रीटवरून इथं आलेलं ते एकटंच घर नाही.

स्पॉन स्ट्रीटबद्दल वाचायला गेलं की दोन टोकं सापडतात. पर्यटनाच्या पानांवर हा ‘मध्ययुगीन स्पॉन स्ट्रीट’ असतो: पुढे झुकलेले मजले, वाकड्या तुळया, फोटो काढायला उत्तम. दुसरं टोक म्हणजे नाक मुरडणारे. त्यांच्या लेखी हा सगळा देखावा, सिनेमाचा सेट. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. या घरांवर नकलीपणाचा आरोप करणं चूक आहे. पण ती अस्सल आहेत म्हणून रस्ताही अस्सल ठरतो, हे मानणं त्याहून मोठी चूक आहे.

आधी घरांची बाजू घेते. ही लाकडी सांगाड्याची घरं आहेत. त्यांची भिंत वजन पेलत नाही. वजन पेलतो तो ओकच्या लाकडाचा सांगाडा. खांब, तुळया, तिरके आधार. मधल्या जागा काठ्या विणून त्यावर माती लिंपून भरलेल्या असायच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीच. मुख्य सांध्यांना खिळ्यांची गरज नसे. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड तोडल्यावर फार वाळवत न बसता ओलं असतानाच कापायचे. ते पुढची कित्येक वर्षं जागेवरच वाळायचं, पीळ घ्यायचं. या घरांचा जो वाकडेपणा बघून आपण ‘किती गोड’ म्हणतो, त्यातला बराचसा असा आलेला आहे.

आणि मुद्दा हा की असं घर त्याच्या जागेवर घडतच नसे. सुतार आपल्या अंगणात सगळा सांगाडा जमिनीवर आडवा मांडून जुळवून बघत. प्रत्येक सांध्यावर पटाशीनं खुणा कोरत, साधारण रोमन आकड्यांसारख्या. एकाच सांध्याच्या दोन्ही लाकडांवर तीच खूण. मग सगळं सुटं करायचं, गाडीवर घालायचं, जागेवर नेऊन खुणा जुळवत उभं करायचं. म्हणजे घराचा जन्मच सुट्या भागांतून. आज जुनी घरं दुरुस्तीला काढली की या खुणा सापडतात आणि कोणतं लाकूड कुठं जायचं हे पाच-सहाशे वर्षांनंतरही त्या सांगतात. मी ज्या प्रकल्पांवर काम केलंय त्यांतलं पाच वर्षांपूर्वीचं डॉक्युमेंटेशन इतकं उपयोगी पडलेलं मला आठवत नाही.

मध्ययुगातही असे तयार सांगाडे विकत घेऊन दुसरीकडे उभे केले जात. तेव्हा ‘लाकडी घर हलवलं म्हणजे ते खोटं झालं’ हा आक्षेप सुताराला समजलाच नसता. दगडी देवळाबद्दल तो आक्षेप वेगळा असतो, इथं नाही. एक्सटर शहरात 1961 साली एक जुनं लाकडी घर नव्या रस्त्याच्या आड येत होतं, तर ते सुटंसुद्धा न करता चाकांवर चढवून अख्खंच्या अख्खं ढकलत नेलं. लोक आजही त्याला ‘हललेलं घर’ या नावानंच ओळखतात. लपवाछपवी काही नाही.

स्पॉन स्ट्रीटच्या डोक्यावर एक मोठी निळी इमारत आहे. 2007 मध्ये तिथं आयकियाचं दुकान उघडलं, शहराच्या अगदी मध्यात. खाली नंबर टाकलेल्या लाकडांची मध्ययुगीन घरं आणि वर नंबर टाकलेल्या फळ्यांची कपाटं. हा विनोद कुणी ठरवून केला नव्हता. 2020 मध्ये दुकान बंद झालं, आणि नगरपालिकेनं ती इमारत घेऊन तिथं कलासंग्रह ठेवायची योजना आखली.

आता घर सोडून रस्त्याकडे येऊ. ही घरं उचलून आणायची वेळ का आली?

कव्हेंट्रीचं नाव घेतलं की एकच तारीख सांगितली जाते: 14 नोव्हेंबर 1940. त्या रात्रीच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग जळाला, सेंट मायकेल कॅथीड्रलच्या फक्त बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरला. त्या अवशेषांच्या शेजारी बेसिल स्पेन्सनं उभारलेलं नवं कॅथीड्रल 1962 मध्ये खुलं झालं. ही गोष्ट खरी आहे आणि तिचं दुःखही खरं आहे. पण ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की जुनं कव्हेंट्री म्हणजे ‘जे बॉम्बनं गेलं ते’ असं समीकरण होऊन बसलंय. हे समीकरण फार सोयीचं आहे, कारण त्यात शहरातल्या कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

बुचर रो घ्या. नावावरून कळतंच, खाटकांची गल्ली. कॅथीड्रल आणि होली ट्रिनिटी चर्चच्या जवळ, अरुंद, दोन्ही बाजूंनी लाकडी घरं एकमेकांकडे झुकलेली. ती 1936 मध्ये पाडली. शहराच्याच नगरपालिकेनं, शांततेच्या काळात. त्या जागी ट्रिनिटी स्ट्रीट नावाचा रुंद रस्ता झाला, 1937 मध्ये तो सुरू झाला. कारण काय? वाहतूक. कव्हेंट्री हे आधी सायकलींचं आणि मग मोटारींचं शहर. 1885 साली जॉन केम्प स्टार्लीनं रोव्हर सायकल, म्हणजे आजच्या सायकलीची थेट पूर्वज, इथंच बनवली. मग मोटार कारखाने आले, माणसं आली, पैसा आला, आणि इथं बनणाऱ्या मोटारींना इथल्याच गल्ल्या पुरेनात.

यातला माझा आवडता, म्हणजे अजिबात न आवडणारा, तपशील पुढे आहे. बुचर रो पाडल्यावर ट्रिनिटी स्ट्रीटवर चर्चच्या बाजूला एक इमारत बांधली गेली. ट्यूडर काळातली वाटावी अशी, काळ्या लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या भिंती. खरी जुनी गल्ली पाडून लगेच तिच्या शेजारी जुनी दिसणारी नवी इमारत. ‘सिनेमाचा सेट’ म्हणून नाक मुरडायचंच असेल तर इथं मुरडावं. आज तिथं पब आहे आणि खूप पर्यटक तिला खरीच समजून फोटो काढतात. 169 नंबरच्या बिचाऱ्या खऱ्या घराला मात्र नकली म्हणून घ्यावं लागतं.

बुचर रो वाचली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर अंदाजानं देण्याची गरज नाही. यॉर्कला अशीच खाटकांची गल्ली वाचली आहे, तिचं नाव शॅम्बल्स. नावाचं मूळ मांस मांडायच्या फळ्यांत आहे. आज तिथं एकही खाटीक नाही. जादूच्या कांड्या आणि हॅरी पॉटरचे झगे विकणारी दुकानं आहेत, कारण ती गल्ली सिनेमातल्या डायगन ॲलीसारखी दिसते. तेव्हा ‘अरेरे, बुचर रो असती तर’ असं म्हणताना मी फार गहिवरत नाही. तरी एक फरक उरतोच. शॅम्बल्समध्ये चुकीची दुकानं आली आहेत आणि दुकानं बदलता येतात. पाडलेली गल्ली बदलता येत नाही.

1938 मध्ये कव्हेंट्रीनं डोनाल्ड गिब्सन यांना शहराचे वास्तुशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. ‘उद्याचं कव्हेंट्री’ नावाचं प्रदर्शन त्यांच्या खात्यानं भरवलं ते मे 1940 मध्ये, म्हणजे त्या रात्रीच्या सहा महिने आधी. मध्यभाग मोकळा करायचा, हा विचार बॉम्ब पडण्याआधीच कागदावर होता. मला गिब्सन खलनायक वाटत नाहीत. ओल्या, अंधाऱ्या, दाटीच्या घरांत राहणाऱ्या माणसांसाठी उजेड आणि हवा मागणारा तो माणूस होता, आणि त्यांच्या कल्पनेतून आलेला पायी चालण्याचा बाजार हा ब्रिटनमधला त्या प्रकारचा अगदी सुरुवातीचा. पण युद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत जी लाकडी घरं गेली, ती बॉम्बमधून वाचलेली होती. ती रस्त्यांसाठी, इमारतींसाठी, पार्किंगसाठी गेली. शहराभोवतीचा रिंग रोड 1974 मध्ये पुरा झाला आणि त्यानं स्पॉन स्ट्रीटचेही दोन तुकडे केले. आतला तुकडा आपल्या गोष्टीतला. बाहेरचा तुकडा अप्पर स्पॉन स्ट्रीट, त्याच्याकडे नंतर येते.

1960 च्या दशकाच्या शेवटी नगरपालिकेनं तोडगा काढला. स्पॉन स्ट्रीटवर मूळची काही जुनी घरं अजून उभी होती. ती दुरुस्त करायची, आणि शहरात इतरत्र नव्या बांधकामाच्या आड येणारी घरं उचलून मधल्या रिकाम्या जागांत बसवायची. हे काम ज्यांच्या हातून झालं ते एफ. डब्ल्यू. बी. चार्ल्स, लाकडी सांगाड्यांच्या दुरुस्तीतलं इंग्लंडमधलं मोठं नाव. त्यांचं कसब वादातीत आहे. लाकूड वाचवता येत असेल तर वाचवायचं, कुजलेला भाग तेवढा कापून तिथं नवं ओक जोडायचं, आणि जुन्या सुतारानं जे केलं असतं तेच करायचं.

मग आक्षेप कशाला? तर हिशेबाला. घर हलवता येतं असं एकदा ठरलं, की घर जिथं होतं ती जागा आपोआप मोकळी करता येते. ‘पाडू नका’ म्हणणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘पाडत कुठं आहोत, हलवतोय’. मोजक्या घरांना नवी जागा मिळाली, पण जुना रस्ता हातचा गेला तो गेलाच. 1964 च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनासाठी जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केलेल्या तत्त्वांत, वास्तू तिच्या जागेपासून आणि ती ज्या इतिहासाची साक्ष आहे त्यापासून वेगळी काढता येत नाही असं मांडलं आहे. हलवणं अगदीच निरुपाय असेल तरच. कव्हेंट्रीत निरुपाय होता का? निरुपाय म्हणजे बहुतेक वेळा आपणच आखलेला रस्ता होता.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. एखादी फाईल एका रिपॉझिटरीतून उचलून दुसऱ्या रिपॉझिटरीत चिकटवली तर कोड तंतोतंत तोच राहतो, चालतोही. पण तो कुणी, कधी, कशामुळे तसा लिहिला याची सगळी हिस्टरी मागे राहते. आणि जुनी रिपॉझिटरी डिलीट केली असेल तर संपलंच.

स्पॉन स्ट्रीटवर आणखी एक गोष्ट गेली आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हा रस्ता फक्त मध्ययुगीन कधीच नव्हता. जवळून शेरबोर्न नदी वाहते, म्हणून इथं कातडी कमावणारे आणि रंगारी आले. कव्हेंट्रीचा न विटणारा निळा रंग एकेकाळी प्रसिद्ध होता. मग रेशमी फितींचे विणकर आले, 1860 च्या फ्रान्सबरोबरच्या व्यापार करारानंतर स्वस्त फ्रेंच फिती येऊ लागल्या आणि त्यांचा धंदा बसला. घड्याळं बनवणारे आले. रॉदरहॅम्स हा घड्याळांचा मोठा कारखाना स्पॉन स्ट्रीटवरच होता. प्रत्येकानं जुन्या घरांना आपापल्या सोयीनं हात लावला: पुढे विटांची भिंत, मोठी खिडकी, नवं धुराडं, दुकानाची पाटी. दुरुस्ती करताना मूळ मध्ययुगीन रूप परत मिळवायचं ठरलं की ही पुटं काढावी लागतात. ‘मध्ययुगीन’ हे विशेषण मला खटकतं ते याचसाठी. घर पाचशे वर्षं जगलं आणि आपण त्याचं पहिलं शतक ठेवून बाकीची खरवडून टाकली. विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये जुन्या वास्तूंसाठी संस्था काढली ती नेमकी या खरवडण्याच्या विरोधात. तिला त्या काळी ‘अँटी-स्क्रेप’च म्हणत. नशीब म्हणजे घड्याळांचं एक छोटं संग्रहालय स्पॉन स्ट्रीटवर आहे, जुन्या कामगार चाळीसारख्या घरांत, लोकांनी हौसेनं चालवलेलं. रस्त्याचं नाव काहीही ठेवा, एकोणिसाव्या शतकातला स्पॉन स्ट्रीट तिथं भेटतो.

पुण्यात राजा केळकर संग्रहालयात मस्तानी महाल ज्यांनी पाहिलाय त्यांना हलवलेली लाकडी वास्तू नवी नाही. तो कोथरूडहून आणून तिथं पुन्हा मांडलेला आहे. पण तिथं आपण तिकीट काढून आत जातो, आपल्याला माहीत असतं की ही दालनात ठेवलेली वस्तू आहे. त्या दालनाला कुणी पेठ म्हणत नाही. स्पॉन स्ट्रीटची अडचण हीच आहे. तिथं खाण्याची ठिकाणं, पब, दुकानं आहेत, लोक कामाला येतात, तो चालता रस्ता आहे. त्यामुळे तो आपसूकच ‘आम्ही इथं पहिल्यापासून आहोत’ असं बोलतो. ओल्ड विंडमिल या पबला ते म्हणायचा हक्क आहे, तो खरंच पहिल्यापासून तिथं आहे. त्याच्या ओळीतल्या पाहुण्या घरांना तो हक्क नाही, पण रांगेत उभं राहिल्यावर कोण पाहुणा आणि कोण घरचा हे कळत नाही.

रिंग रोडखालून पलीकडे गेलं की अप्पर स्पॉन स्ट्रीट लागतो. काँक्रीट, गाड्यांचा आवाज, साठच्या दशकातल्या उंच इमारती. इथं फोटो काढायला कुणी येत नाही. आणि इथं ब्लॅक स्वान टेरेस आहे: एका ओळीत जोडून बांधलेली सहा घरं, 1455 मधली, मठानं भाड्यानं देण्यासाठी बांधलेली. ती हललेली नाहीत. त्यांतलं एक स्थानिक लोकांच्या विश्वस्त संस्थेनं दुरुस्त केलंय, त्याला विणकराचं घर म्हणतात. 1540 मध्ये तिथं जॉन क्रोक नावाचा विणकर राहायचा, तेव्हाच्या रूपात ते मांडलं आहे. आत माग आहे, मागे बाग आहे. एक खोली खाली, एक वर, आणि मधे छपरापर्यंत उघडी जागा. एवढंच. महाल नाही, श्रीमंत व्यापाऱ्याचं घर नाही, भाडेकरूचं घर. वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतं. नदी तिथून जवळच आहे, आणि उघडी आहे. शहराच्या मध्यात तीच नदी गाडून टाकली आहे, रस्त्याखालून जाते.

मला 169 पेक्षा हे घर जास्त आवडतं. त्यात सुतारकाम जास्त चांगलं आहे असं नाही. पण विणकर इथं का राहिला, या प्रश्नाचं उत्तर दारातून बाहेर पडल्यावर मिळतं. 169 च्या दारातून बाहेर पडल्यावर मिळत नाही, कारण त्या घराचे शेजारी मच पार्क स्ट्रीटवर होते.

कव्हेंट्री बघायला जाणार असाल तर पर्यटनाच्या नकाशाचा क्रम मोडा. स्पॉन स्ट्रीटपासून सुरुवात करू नका. आधी ट्रिनिटी स्ट्रीटवर जा आणि ती ट्यूडर दिसणारी इमारत बघा. मग मच पार्क स्ट्रीटवर जा. तिथं आता शहराचं न्यायालय आहे, नंबर 140. तिथं दोन मिनिटं उभं राहून 142-143 मनात मांडा, मग चालत स्पॉन स्ट्रीटवर 169 समोर या. तिथून रिंग रोडखालून पलीकडे. विणकराचं घर उघडं असण्याचे दिवस आधी तपासून घ्या.